सातव्या खाचेतला राखणदार

जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याची पदकं जमवणाऱ्याला काय म्हणावं? माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी त्याला संग्राहक म्हणतात. मी त्याला जावईबापू म्हणते, कारण माझ्या तोंडात येणारे बाकीचे शब्द धाकटीला आवडत नाहीत.

जुन्या रहस्यकथांमध्ये एक छत्रीवाला गुप्तहेर होता. उन्हातही बगलेत छत्री, आणि गोष्टीच्या शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून गुन्हेगार कोण ते सांगायची खोड. त्या कथा लहानपणी आम्हीही वाचल्या आणि मोठे झालो. जावईबापू झाले नाहीत. कुठल्या देशाच्या टपालखात्याने त्या छत्रीवाल्याचं तिकीट काढलं की ते यांच्या घरी. कुठल्या टांकसाळीने नाणं काढलं की तेही. धाकटीचं शिवणयंत्र बोळात गेलं आणि ती खोली संग्रहाची झाली. तिकीट चिमट्यानेच उचलायचं, नाणं हातमोजे घालून कडेनेच धरायचं. जेवताना ज्याची बाही रोज ताटात बुडते, त्या माणसाची ही शिस्त.

सगळ्यात मोठा मान होता बारा पदकांना. छत्रीवाल्याच्या बारा प्रकरणांची ही पदकं एका बिस्किट कंपनीने कधीकाळी डब्यांमधून वाटली होती. आत हिरवी मखमल, तीत बारा गोल खाचा, असा लाकडी ट्रे होता. एखादं पदक मिळालं नसलं तर ही मंडळी त्या खाचेत तेवढ्याच आकाराची कुठलीतरी चकती गोंदाने चिकटवतात, म्हणजे ट्रे बोळका दिसत नाही. त्या चकतीला ते राखणदार म्हणतात. खऱ्या पदकाला गोंदाचा थेंबही लावणं पाप. हे सगळं मला जावईबापूंनीच एकदा ऐकवलं होतं, मी जांभया देत असताना.

"आमचं सातवं मात्र जगावेगळं आहे, ताई," ते म्हणाले होते. "एका बाजूने कोरं, कडेला पोचा. टांकसाळीतून चूक होऊन सुटलेलं. अशी चूक हजारात एकदा होते."

"आमच्या घरात एकदाच झाली," मी म्हटलं. "तुमच्याशी सोयरीक केली तेव्हा."

ट्रेकडे मी वळूनही बघितलं नाही. धाकटीला तर त्याला हात लावायची बंदीच होती.

आता धाकटीबद्दल. लग्नाआधी ती पोहायची. तिच्यासारखं पोहणारं आमच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. मला पाण्याची भीती, म्हणून मी काठावर टॉवेल घेऊन उभी असायचे. एका मोठ्या स्पर्धेत ती पहिली आली, पदक मिळालं, आणि आनंदाच्या भरात ते तिच्या हातून तलावाच्या पायरीवर आपटलं. पुढे संसारात ते कपाटातल्या डबीत गेलं, आणि तीही तशीच कुठेतरी गेली.

यंदा त्यांच्या घराजवळच्या तलावावर मुलांना शिकवायला बाई हवी होती. धाकटी धीर करून गेली. तिथल्या व्यवस्थापकाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पोहत होतात म्हणता, पण काही पुरावा? प्रमाणपत्र, पदक, काहीतरी. सोमवारी घेऊन या." प्रमाणपत्राचा ओलीने केव्हाच लगदा झाला होता. तिने डबी उघडली. आत फीत होती, पदक नव्हतं.

तिने मला फोन केला. "ताई, मी खोटं बोलले असं वाटेल गं त्यांना." मी तडक तिच्या घरी गेले.

जावईबापू खुशीत होते. घरात खराखुरा गुन्हा घडला होता. त्यांनी आम्हाला दिवाणखान्यात बसवलं: धाकटी, मी आणि त्यांची आई. सासूबाई शेंगा सोलत होत्या आणि त्यांनी ते काम थांबवलं नाही. जावईबापू खिडकीपाशी उभे राहिले, बाहेर रखरखीत ऊन असताना छत्री घेऊन. पदक शेवटचं कोणी पाहिलं, कपाटाची किल्ली कुठे असते, फितीला गाठ होती का, सगळं विचारून झालं. पदक कशाला हवं होतं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

"चोर बाहेरचा नाही," ते म्हणाले. "बाहेरचा असता तर हा ट्रे सोडून गेला नसता." ट्रे त्यांनी दोन्ही हातांनी आणून टेबलावर ठेवला. "म्हणजे चोराला तेवढंच पदक हवं होतं. का? मत्सर. आयुष्यभर दुसरीसाठी टॉवेल धरून उभं राहिलेल्या व्यक्तीचा मत्सर."

मला लागलं. राग येण्याआधी लागलं. ज्या टॉवेलचा मला अभिमान होता, त्याला या माणसाने पाच मिनिटांत घाण केलं. मी उठून काहीतरी खरमरीत बोलणार होते, पण धाकटीचं लक्ष आमच्या दोघांकडे नव्हतं. ती ट्रेवर वाकली होती.

"ताई, हा पोचा बघ," ती म्हणाली.

मी बघितला. तलावाची पायरी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

धाकटीने सातव्या खाचेत नख घातलं.

"हात लावू नकोस," जावईबापू म्हणाले. "अगं, कडेने धर, बोटांचे डाग पडतात."

पदक हलेना. ते गोंदाने चिकटवलेलं होतं. तिने जोर लावला तसं मखमलीच्या तुकड्यासकट ते निघालं. तिने ते उलटं केलं. हात उंचावलेली पोहणारी मुलगी, खाली 'प्रथम', आणि त्याखाली धाकटीचं माहेरचं नाव. फीत ओवायची कडी कानशीने घासून टाकलेली होती, खाचेत बसावं म्हणून.

सासूबाईंनी एक शेंग सोलली. "काखेत कळसा नि गावाला वळसा," त्या म्हणाल्या.

जावईबापू खरंच विसरले होते. मी त्यांना यापेक्षा जास्त मान देऊ शकत नाही. सातवं मिळेना म्हणून कपाटातली कुठलीशी चकती घेतली, घासली, पालथी चिकटवली. मग पाहुण्यांपुढे बढाई मारली, आणि ती इतक्यांदा मारली की स्वतःलाच पटली. रोज भिंगातून बायकोच्या पदकाची पाठ बघणारा हा गुप्तहेर.

वाटलं, आता तरी मान खाली घालतील. त्यांनी घातली, पण ट्रेमध्ये. "मखमल फाटली," ते म्हणाले. "आता इथे काय बसवू?"

धाकटीने पदक मुठीत घट्ट धरलं, चांगले पाचही बोटांचे डाग पडतील असं. तिने आयुष्यभर जे काही बोलायचं टाळलं ते सगळं त्या मुठीत होतं, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. व्यवस्थापकाने नाव वाचलं, घासलेल्या कडीवर बोट फिरवलं. "हे काय झालं?"

"घरात झालं," धाकटी म्हणाली. त्याने पुढे विचारलं नाही आणि काम दिलं.

आता ती रोज सकाळी तलावावर जाते. तिने घरात सांगितलेलं नाही. विचारलं की सांगेन, म्हणते. सासूबाईंना अर्थातच ठाऊक आहे. न्हाणीघरात पोहण्याचा पोशाख वाळत असतो, तिचे केस ओले असतात, अंगाला औषध टाकलेल्या पाण्याचा वास येतो. सुट्टीच्या दिवशी मी काठावर टॉवेल धरून उभी असते.

जावईबापूंकडे पाहुणे आले की ते रिकामी सातवी खाच दाखवतात. सातवं चोरीला गेलं, म्हणतात, चोर घरातलाच आहे आणि आपल्याला माग लागलाय. परवा एका पाहुण्याने सहज विचारलं, वहिनी दिसत नाहीत कुठे?

"असेल इथेच कुठेतरी," ते म्हणाले, आणि भिंग पुसायला लागले.