गुरुवारपर्यंत सबटायटल्स

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझं काम एकच. प्राध्यापकांनी वर्गासाठी मागितलेले सिनेमे, नाटकं, गाणी स्ट्रीमिंगवर चढवायची आणि मुलांना लिंक द्यायची. सगळं सुरळीत चाललं की कोणी विचारत नाही. लिंक बंद पडली की फोनवर फोन.

मंगळवारी एक मुलगी टेबलाशी आली. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची. म्हणाली, "माझ्याकडे बघून बोला हं, मॅडम. मला नीट ऐकू येत नाही, मी ओठ वाचते." गुरुवारी त्यांना वर्गात एका जुन्या विनोदी नाटकाचं रेकॉर्डिंग दाखवणार होते आणि त्याला सबटायटल्स नव्हती. शुक्रवार विषय सोडायचा शेवटचा दिवस, आणि तिचा अर्ज भरून तयार होता.

"सरांना विचारलंस?"

"सर म्हणाले, संहिता वाच. मॅडम, मला वाचायचं नाहीये, हसायचंय. सगळ्यांबरोबर. दर वेळी सगळ्यांचं हसून होतं, मग शेजारीण मला सांगते काय झालं ते. तोवर विनोद शिळा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लगेच सरांना फोन लावला.

"अहो, दीड तासाचं नाटक, दोन दिवसांत कसं होणार?" ते म्हणाले. "आणि पडद्यावर अक्षरं आली की वर्गाचं लक्ष उडतं."

"पडद्यावर नकोत तर नकोत, तिच्या लॅपटॉपवर दिसतील. कसं होणार ते माझ्यावर सोडा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला!

कॉम्प्युटरकडून आपोआप सबटायटल्स करून घेतली, तर पहिल्याच प्रवेशात नायक दोनदा मेला. प्रत्यक्षात तो दारात उभा राहून छत्री झटकत होता. सगळं पुसलं आणि हाताने लिहायला बसले. संहिता जवळ होती, पण नट पदरचं इतकं घालत होते की ती निम्मीच कामाची. ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, वेळ टाकायची. पण काय सांगू, मजा येत होती! कित्येक वर्षांत ऑफिसच्या कामाला मी अशी धावत गेले नव्हते.

बुधवारी संध्याकाळी काम घरी आणलं. नाटकातला शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलत होता आणि त्याचं एक वाक्य काही केल्या कळेना. शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या. हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्या अशा हसल्या की मटार घरभर.

"आई, सांगा ना काय म्हणतोय!"

"अगं, तो म्हणतो, मापं घेताना तुम्ही श्वास रोखला होता, साहेब. आता जन्मभर रोखा!"

आम्ही दोघींनी डोळे पुसले. मी ते घाईघाईने टाइप केलं आणि पुढे पळाले.

गुरुवारी दहाला काम संपलं, अकराला वर्ग. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. लिंक तपासायला म्हणून, पण खरं सांगायचं तर राहवलं नाही. ती पहिल्या रांगेत, समोर लॅपटॉप. नाटक सुरू झालं. वर्ग हसला, तीही हसली. पुन्हा हसला, पुन्हा तीही. मला तर उठून नाचावंसं वाटत होतं.

मग शिंप्याचा प्रवेश आला. गिऱ्हाइकाचा कोट फाटायच्या बेतात. "मापं घेताना तुम्ही श्वास रोखला होता, साहेब," शिंपी म्हणाला आणि थांबला. चांगला लांबलचक थांबला. सगळा वर्ग चिडीचूप, आणि त्यात ती एकटी खो खो हसली.

माझा घोटाळा मला लगेच कळला. नट थांबला की सबटायटलही तोडायचं, हा पहिला नियम. घाईत मी दोन्ही वाक्यं एकत्र टाकली होती. विनोद त्याच्या तोंडून यायच्या आत तिला वाचायला मिळाला होता. चाळीस माना तिच्याकडे वळल्या. शेजारणीने तिला ढोसलं. "काय झालं गं?"

तिने हाताने तिला गप्प केलं. "थांब. येतंय."

"आता जन्मभर रोखा!" शिंपी म्हणाला, आणि वर्ग कोसळला. सरसुद्धा.

तास सुटल्यावर मी धावत तिला गाठलं. समोर उभी राहून म्हटलं, "चूक माझी आहे. आत्ता जाऊन दुरुस्त करते."

"मॅडम," ती म्हणाली, "त्या वाक्याला हात तर लावून बघा!"