माय वं

मडमबाईचं एक वागणं मले कधीच पटलं नाही. लेकरू माझ्या हातची भाकर खाऊन वाढलं, अन् हिनं एका दिवसात फाटक लावून घेतलं.

जळगाव जामोदले मिशनचा बंगला आमच्या वांग्याच्या वाडीले लागूनच होता. साहेब येशूचं सांगत खेडोपाडी फिरे. मडम घरी पुण्याच्या पंडिताचं पुस्तक घेऊन मराठी घोकत बसे. त्यांची पाच वर्षांची रूत मात्र दिवसभर माझ्या मागं. "आजी, मले भूक लागली," म्हणे. मडम तिले टोके, "मला म्हणावे, रूथ." पोरीचं ते 'मले' ऐकून मले बरं वाटे. पोरीची बोली तर माझ्याजवळची होती. पण झोपाले ती बंगल्यातच जाये. मडम ओट्यावर बसून तिचे पिवळे केस विंचरे, तवा माझा जीव जळे.

एक दिवस रूत आमच्या वाडीच्या धुऱ्यावर, बांधावर पडली. गुडघा फुटला. "माय वं, माय वं" करत रडाले लागली. आम्ही दोघीबी धावलो. मडम मधातच थबकली. तिले वाटलं, पोरगी मलेच माय म्हणून राह्यली. तोंड उतरलं तिचं. वाटू दे, म्हटलं, अन् पोरीले कडेवर घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून फाटक बंद.

"काऊन वं जनकाबाई, तुयी गोरी नात दिसत नाही?" शेजारची चांगुणा म्हणे.

"तिच्या मायले विचार."

एका दुपारी मी कुंपणातून आत पाहत होती. मडम रूतले मांडीवर घेऊन आपल्या भाषेतलं गाणं शिकवत होती, अन् पोरगी हसत होती. मी अजून पुढं सरकली, तं बाभळीचा काटा पायात कचकन घुसला. "माय वं!" करत मी खालीच बसली.

मडम धावत आली. इकडंतिकडं पाहत म्हणे, "आपल्या मातोश्री आल्या आहेत काय?"

रूत खुदकन हसली. मडमनं कुंपणाच्या फटीतूनच माझा पाय मांडीवर घेतला अन् हलक्या हातानं काटा काढला. गप्प राह्यली असती तं पोरीची माय मीच ठरली असती, पण फाटक काही उघडलं नसतं.

"माय मरून जमाना झाला माझी," म्या म्हटलं. "आमच्याकडे दुखलं की म्हाताऱ्याच्याबी तोंडून तेच निघते. त्या दिवशी पोरगी मले नव्हती बोलावत. तिचे डोळे तुमच्याकडं होते, अन् तुम्हीच थांबल्या. मडमबाई, तुमची मराठी लई कच्ची हाय. फाटक उघडा, अन् पोरीसंगं तुम्हीबी येत जा शिकाले."