नाव न घेता दाखवलेली गुहा

गाडी राजधानी मासेरूबाहेर पडली तेव्हा डोंगरांच्या कडा नुकत्या कुठे उजळत होत्या, आणि रा तिरोंचे सतरा प्रश्न विचारून झाले होते. ही पीचची झाडं फुलली म्हणजे थंडी संपली का? तो घोड्यावरचा माणूस एवढं जाड कांबळं पांघरून कुठे निघालाय? त्या कोरफडी आपोआप उगवल्या की कुणी लावल्या?

रा तिरो, म्हणजे तिरोबाबा, बोत्स्वानातल्या कान्ये गावचे निवृत्त पोस्टमास्तर. "आयुष्यभर लोकांची बंद पाकिटं हाताळली," ड्रायव्हर मोखेले हळूच म्हणाला. "आत काय होतं ते एकदाही कळलं नाही. आता वसुली चाललीय."

वाटाडी म्हणून पुढे बसलेली मापुसेत्सो हसली, पण ओठांनीच. तिच्या मागच्या सीटवर पर्यटन खात्याच्या परीक्षक दिकेलेदीबाई, इकडे म्हणतात तसं म्मे दिकेलेदी, मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर कागद घेऊन बसल्या होत्या. निघताना त्या म्हणाल्या होत्या, "मी नाहीच असं समज." कसं समजायचं? दर पाच मिनिटांनी त्यांची पेन्सिल करकरत होती.

वाटाड्याच्या बिल्ल्यासाठी आजची परीक्षा पार पडली तर पडली. नाही तर पुढची परीक्षा दोन वर्षांनी, आणि तोवर मासेरूच्या कापड-कारखान्यात उभं राहून जीन्सला खिसे शिवायचे. मापुसेत्सोला सगळं पाठ होतं. कुठला कडा कुठल्या लढाईचा, कुठला झरा कुणाच्या घोड्याचा. लग्नाआधी दोन वर्षं ती या रस्त्यावर मदतनीस म्हणून फिरली होती. तेव्हा तिचं नाव खोपोत्सो होतं. लग्नाच्या दिवशी सासरनं तिला मापुसेत्सो केलं, म्हणजे पुसेत्सोची आई. पुसेत्सो अजून जन्माला यायचा होता.

अडचण एकच होती. दुपारी जी गुहा दाखवायची, तिचं नाव लेबेन्याची गुहा. आणि तिच्या सासऱ्यांचं नावही लेबेन्या. गुहेत राहिलेल्या त्या मूळ पुरुषाचंच नाव घराण्यात चालत आलेलं. आपण ते खुशाल घेऊ. सुनेनं कसं घ्यावं?

सासऱ्याचं नाव तोंडावर येऊ द्यायचं नाही हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. श्वास घ्यायला कुणी शिकवतं का? तिच्या आईच्या सासऱ्याच्या नावात पाणी होतं, तर आई जन्मभर पाण्याला 'ओलं' म्हणत आली. "खोपोत्सो, विहिरीवरून ओलं आण गं." लहानपणी ती शाळेतही ओलंच मागायची आणि मास्तर हसायचे.

सकाळ छान गेली. थाबा बोसिऊच्या माथ्यावर तिनं सगळ्यांना वाऱ्याकडे पाठ करून बसवलं आणि राजा मोशोशोनं हा डोंगर कसा राखला ते सांगितलं. दिवसा बुटका दिसणारा डोंगर रात्री वाढतो म्हणतात, आणि इथली माती कुणी घरी नेली तर ती आपली आपण परत येते म्हणतात. रा तिरोंनी लगेच खिशातून पाकीट काढलं, चिमूटभर माती त्यात घातली आणि वर स्वतःचा पत्ता लिहिला.

"अहो रा, पत्ता कशाला?" मापुसेत्सोनं विचारलं.

"वाट चुकली तर परत माझ्याकडे यावी म्हणून."

सगळे हसले. पेन्सिल करकरली, आणि या वेळी तिचा आवाज गोड वाटला.

मग रस्ता चढू लागला. नांगरलेली तांबडी शेतं खाली राहिली, पिवळ्या दगडाचे कडे जवळ आले. मोखेलेनं एका वळणावर गाडी थांबवली, तिथे सगळ्यांनी मक्याची उकड आणि हिरवी भाजी खाल्ली, वर गारेगार ज्वारीची आंबील प्यायली. रा तिरोंनी बोटं चाटत विचारलं, "आता पुढे काय आहे?"

"गुहा, रा. मातीच्या घरांची गुहा."

"तिचं नाव काय?"

मापुसेत्सोनं पेला खाली ठेवला. तिनं याची तयारी केली होती. घरी जात्याशी बसून तिनं ते जुळवलं होतं, सरळ उत्तर द्यायचं नाही तेव्हा बायका जुळवतात तसं.

"दगडाच्या कपाळाखाली मातीची सात घरं,
ज्याचं नाव ओठी नाही, त्यानं राखली वासरं."

"वा!" रा तिरो म्हणाले. वही उघडली. "कोड्यात सांगता होय? थांबा, मी ओळखतो. सिंहाची गुहा?"

"नाही."

"वासरांची? गवळ्याची? तुमच्या नवऱ्याची?"

"नवऱ्याचं नाव मी दिवसातून दहादा घेते, रा. शिव्यांसकट."

मोखेले स्टिअरिंगमागे खोकला आल्यासारखा हसला. पण म्मे दिकेलेदी हसल्या नाहीत. बाकीचे चौघे प्रवासी गाडीत चढत होते तेवढ्यात त्यांनी मापुसेत्सोला बाजूला घेतलं आणि पुठ्ठा तिच्यासमोर धरला. नववा मुद्दा. 'स्थळाचे नाव स्पष्ट उच्चारले.'

"नावाशिवाय स्थळ म्हणजे नुसते दगड," त्या म्हणाल्या. "ही माणसं घरी जाऊन काय सांगतील? कुठे गेलो होतो?"

"म्मे, ते माझ्या सासऱ्यांचं..."

"कळलं मला. मीही कुणाची सूनच आहे. मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर माझ्या सासऱ्यांचं नाव मी लिहिलं, पण तोंडानं अजून घेतलेलं नाही. पण मी दगड दाखवून पोट भरत नाही, पोरी. तू भरणार आहेस."

पुढचा सगळा रस्ता मापुसेत्सो कड्यांकडे बोट दाखवून बोलत राहिली, आणि आतून एकच विचार करत राहिली. तीन अक्षरं आहेत. पापणी लवायच्या आत म्हणून होतील.

गुहेशी पोचल्यावर तिनं पिशवीतून शाल काढून गणवेशावर पांघरली, कारण सासरे तिथेच होते. भेट देणाऱ्यांची वही तेच सांभाळत. काठी गुडघ्यांत धरून ते दगडावर बसले होते, कांबळ्याची पिन खांद्यावर, गवती टोपी डोळ्यांवर.

"आलीस, मापुसेत्सो? आणि या बाई कोण, एवढं कागदात बघणाऱ्या?"

म्मे दिकेलेदींनी स्वतःच सांगून टाकलं. परीक्षा, बिल्ला, नववा मुद्दा, सगळं. म्हातारा ऐकत राहिला. मग त्यानं टोपी मागे सारली.

"एवढंच ना? घे पोरी. मी सांगतो ना, घे नाव. त्यानं मी मरत नाही. इथल्या शेळ्यासुद्धा माझ्या नावानं ओरडतात."

सगळे थांबले. मापुसेत्सोनं तोंड उघडलं. जीभ दातांना टेकली. पहिलं अक्षर आलं, अर्धं, आणि तिथेच राहिलं, उंबऱ्याशी थबकलेल्या पाहुण्यासारखं. तिला भीती वाटत नव्हती. परवानगीही मिळाली होती. पण सुनेचं तोंड त्या नावासाठी घडलंच नव्हतं.

"नाही येत, न्तते," ती सासऱ्यांना म्हणाली, बाबा म्हणावं तसं.

लोकांनी सभ्यपणे कड्याकडे, आभाळाकडे, आपल्या बुटांकडे पाहिलं. पेन्सिल करकरली, अगदी थोडी. एक फुली काढायला लागते तेवढीच.

"मॅडम! अहो मॅडम!" आतून रा तिरोंचा आवाज आला. ते केव्हाच पहिल्या मातीच्या घरात वाकून शिरले होते. "ही बोटं कुणाची?"

मापुसेत्सो आत गेली. दगडाच्या छताखाली मातीच्या भिंती गोलाकार वळत गेल्या होत्या आणि त्यांवर लिंपणाच्या वेळची बोटं उमटलेली होती. चार चार रेषा, नांगरलेल्या शेतासारख्या. नव्यानं नांदायला आली तेव्हा तिनं कुणी नसताना त्या रेषांत स्वतःची बोटं ठेवून पाहिली होती. ती त्यांत बरोबर बसली होती.

"बायकांची, रा. लिंपण बायकाच करतात."

"ते खरं, पण कुठल्या बाईची? करंगळी बघा, वाकडी आहे. या सगळ्या रेषांत एकच करंगळी वाकडी. म्हणजे एकटीनं लिंपलंय हे!"

मापुसेत्सोनं वाकून पाहिलं. खरंच की. एवढ्या वेळा पाहूनही तिला हे दिसलं नव्हतं. ती दाराशी आली.

"न्तते, आतली भिंत कुणी लिंपली?"

म्हाताऱ्यानं काठीच्या टोकानं माती उकरली.

"तिनं," तो म्हणाला. "आमच्या मूळ पुरुषाच्या बायकोनं. लढाया-दुष्काळात माणसं माणसांना खात होती त्या वर्षांत. तो गुरं घेऊन मागे होता. ती पाणी शोधत पुढे निघाली, पोटुशी. गुहा तिला सापडली. तो तिसऱ्या दिवशी पोचला, तेव्हा पहिली भिंत उभी होती."

"तिचं नाव?"

"लग्नानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. माहेरचं वेगळं. सेलोआने. आमच्यात थोरला मुलगा पूर्वजांना ज्वारीची दारू ओततो, तेव्हा मनात ते नाव घेतो. मला माझ्या आज्यानं सांगितलं."

"मग इतकी वर्षं आम्हाला का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी?" म्हातारा चिडलाच. "जो येतो तो विचारतो, भाले किती होते, गुरं किती होती. भिंत कुणी लिंपली, हे विचारायला हा पोस्टमास्तर यावा लागला!"

मापुसेत्सोनं मनात ते नाव म्हणून पाहिलं. सेलोआने. त्याच्यावर कसलाही पहारा नव्हता. माहेरचं नाव, तिच्या खोपोत्सोसारखंच पेटीत घडी घालून ठेवलेलं. कुठल्याही सुनेला घेता येण्याजोगं.

ती म्मे दिकेलेदींसमोर जाऊन उभी राहिली. "मला गुहा पहिल्यापासून दाखवू द्याल? एकदाच."

परीक्षकबाईंनी कागदावरच्या फुलीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "दाखव. मी आत्ताच आले असं समज."

तिनं सगळ्यांना पुन्हा पायवाटेच्या टोकाशी नेलं. रा तिरोंना ओढावं लागलं. शाल सावरून ती वळली आणि कड्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली.

"मंडळी, ही गुहा सेलोआनेनं शोधली. पोटात बाळ, मागे उपाशी माणसं, पुढे डोंगर. पाण्याच्या वासावर ती इथवर आली. आतल्या भिंतीवर तिची बोटं आहेत, आणि करंगळी वाकडी होती हे आजच कळलंय. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा गुरं घेऊन आला. सरकारी पाटीवर त्याचं नाव आहे, आणि गुहेला सगळे त्याच्याच नावानं ओळखतात. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. ते सांगायचा मान माझा नाही, त्या दगडावर बसलेत त्यांचा आहे. त्यांचं स्वतःचंही नाव तेच. रा, तुम्ही विचारा."

"आजोबा," रा तिरोंनी वही सरसावली, "आपलं नाव?"

म्हातारा उठला. पिन नीट केली, टोपी नीट केली. रोज दहा जणांना सांगितलेलं नाव त्यानं असं सांगितलं, जणू पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. "लेबेन्या." आणि मग, कुणी विचारलं नसतानाही, "सेलोआनेच्या घरचा."

म्मे दिकेलेदींनी नववा मुद्दा पुन्हा वाचला. स्थळाचे नाव स्पष्ट उच्चारले. कुणी उच्चारले, ते कागदात नव्हतं. त्यांनी फुली खोडरबरनं पुसली, चुरा फुंकला, खाली सही केली आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

"महिन्याभरात बिल्ला येईल," त्या म्हणाल्या. आणि मग परीक्षकबाईंच्या आवाजात नाही, तर विहिरीवर दुसरीशी बोलावं तशा: "पण मला एक सांग. ही सेलोआने माहेरची कुठली?"

मापुसेत्सोनं सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ते नाही ठाऊक," म्हातारा म्हणाला. "पलीकडच्या खोऱ्यात एक म्हातारी आहे, तिला असेल. पण ती बहिरी आहे, जवळ जाऊन ओरडावं लागतं."

"मोखेले," म्मे दिकेलेदी गाडीकडे वळून म्हणाल्या, "पलीकडच्या खोऱ्याला किती वेळ लागतो?"