आबांचं लाडकं सफरचंद

मित्रांनो, मी एक सफरचंदाचं झाड आहे. फार जुना नाही, अकरा वर्षांचा. उचगावात हंबीरराव आबांच्या घरासमोर, म्हशींच्या गोठ्याशेजारी मी उभा आहे. कोल्हापुरात सफरचंद कसं, असं तुम्हीही विचाराल. सगळेच विचारतात. माझी जात थोड्या थंडीवर भागवणारी आहे, एवढंच.

आबांनी आम्हा दोघांना एकदमच आणलं. दुसरं झाड वेगळ्या जातीचं, माझ्यापासून दहा पावलांवर. चौथ्या वर्षी आम्ही दोघंही फुललो. मधमाश्यांनी त्याच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्याच्याकडे अशा खेपा घातल्या आणि मला बावीस फळं धरली. तेव्हा आबांचा रुबाब बघायला हवा होता. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ते हाक मारायचे, "ओ पावणं, जरा थांबा की! खरं सफरचंद हाय त्ये, प्लास्टिकचं न्हाय!" मी तेव्हा खूश होत असे. आता ते नुसतं आठवतं, वाटत काही नाही.

पुढे आबांच्या मुलीचं, पूर्णिमाचं, लग्न दारातच करायचं ठरलं. मांडवाला जागा कमी पडली, म्हणून ते दुसरं झाड तोडलं. "ऱ्हाऊ दे, एक हाय की अजून," असं आबा म्हणाले. त्या वर्षी मी भरपूर फुललो, पण दुसऱ्या जातीचे पराग मिळाले नाहीत, म्हणून एकही फळ धरलं नाही.

आबा ऊसवाले. ऊस पिवळा पडला की युरिया टाकायचा आणि पाणी पाजायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. मीही उपाशी असेन असं त्यांना वाटलं. मग उसाचा युरिया माझ्या बुडाशी येऊ लागला, शेणखत आलं आणि बाराही महिने रोज सकाळी पाण्याचा पाइप आला. मी गच्च हिरवा झालो. खरं तर थंडीत आमची पानं गळतात, आम्ही झोपतो आणि जाग येताना फुलतो. पण मुळं सदा ओली असल्यावर झोप कसली लागते? फुलं यायचीही बंद झाली. चार वर्षं मी जागाच आहे. इतकं जागल्यावर सगळं बधिर होतं.

यंदा दिवाळीत आबांचा मुलगा सम्राट सरळच बोलला, "शिवरात्रीपर्यंत फूल दिसलं न्हाय तर तोडायचं. गाडीला शेड करायचीय."

पूर्णिमा माहेरी आली होती. ती मलकापूरला एका रोपवाटिकेत काम करते. माझ्याभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, "आबा, खत बंद करा. पाणीबी दीड महिना तोडा. पानं झडू द्यात, मग फुलंल. दुसऱ्या जातीचं रोपबी मी पाठवून देते."

"दीड महिना? पोटच्या पोराला कोण उपाशी ठेवतंय व्हय?"

"ते उपाशी न्हाय ओ, आबा. त्याला झोप पायजे."

आबांनी ऐकलं. पाइप गुंडाळून गोठ्यात ठेवला. पंधरा दिवसांत माझ्या बुडाची माती कोरडी झाली, पानं पिवळी पडून गळू लागली. कित्येक वर्षांनी मला पेंग येत होती. मित्रांनो, एवढ्या वर्षांत तेवढं एकच मला जाणवलं आणि ते मला हवं होतं.

आबांना मात्र बघवेना. रोज येऊन ते पिवळी पानं गोळा करायचे, उघड्या फांद्यांवरून हात फिरवायचे. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी पाइप आणला आणि माझं आळं तुडुंब भरलं. वर ओंजळभर युरियाही टाकला. आठवड्याभरात माझ्या शेंड्यांना कोवळी पालवी फुटली. आबा अंगणातूनच ओरडले, "जगलं की! झाड जगलं! म्या वाचवलं!"

आता शिवरात्र चार दिवसांवर आली आहे. माझ्यावर पानंच पानं आहेत, फूल एकही नाही. सम्राटने करवतवाल्याला सांगून ठेवलं आहे. मला भीती वाटत नाही. रागही येत नाही, आबांचा तर नाहीच.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला काय हवंय ते आधी बघा आणि मग द्या. कधीकधी त्याला काहीच नको असतं, नुसतं थोडे दिवस एकटं राहायचं असतं. माझ्या आबांना हे अजून उमगलेलं नाही. ते आताही माझ्यापाशी उभे आहेत, हातात पाइप आहे.

"पी बाळा," ते म्हणतायत, "पोटभर पी."