सव्वादोन इंचांचा सूड

“बाई, तू ताणली गेली आहेस. एकदा माझ्या शेजारी सरळ पडून बघ,” असे स्टीलच्या मीटरपट्टीने मला एकदा सांगितले होते. मी स्वतःभोवती गुंडाळी केली आणि तिच्याकडे पाठ फिरवली. कपाटामागे उभे राहून जिचे आयुष्य गेले, तिने मला शहाणपण शिकवावे, हे मला सहन झाले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यातली. अंगाने पिवळी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. कारखान्यात आकडे छापणाऱ्या रुळाखालून मी निघाले, तेव्हा माझ्यासारख्या शेकडो बहिणी एका खोक्यात होत्या. त्या कुठे गेल्या, कुणाच्या कमरेला लागल्या, मला ठाऊक नाही. मी मास्तरांकडे आले. आमचे मास्तर म्हणजे शिवणकाम करणारे, शाळेतले नव्हेत. त्यांची बायको काजे-बटणे आणि हातशिलाई करते. तिला सगळे काकू म्हणतात. आमच्या दुकानासमोर बास्केटबॉलचे बंदिस्त मैदान आहे आणि तिथल्या क्लबच्या जर्सीवर आकडे शिवायचे काम आमच्याकडेच असते.

माझे दिवस चांगले होते. “मास्तरांचे माप म्हणजे दगडावरची रेघ,” असे लोक म्हणत. मास्तर म्हणत, “माझं कसलं, हिचं.” आणि मला बोटावर गुंडाळत.

मग तो आला. बँकेतून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, तोंड त्याहून सुटलेले. लोकांनी त्याचे नाव ‘अंदाजपंचे’ ठेवले होते, कारण कोणता संघ किती गुणांनी जिंकणार, हे तो सामन्याआधी सांगे आणि चुकला की पंचांना शिव्या देई. सहा वर्षांपूर्वी त्याला टीव्हीचा खोका स्कूटरच्या मागे बांधून न्यायचा होता आणि दोरी नव्हती. “मास्तर, ही घेतो जरा,” म्हणत त्याने मला काउंटरवरून उचलले. मास्तर आत इस्त्री करत होते. त्याने खोक्यावर पाय रोवून मला आवळले, पुन्हा आवळले, गाठ मारली आणि खड्ड्याखड्ड्यांतून सहा मैल नेले. संध्याकाळी परत आणून टाकली, तेव्हा माझ्या अंगाचा धागान् धागा सुटा झाला होता. “हिला काय होतंय,” एवढे बोलून तो चहा प्यायला.

मी त्या दिवशी डूख धरला.

आता तुम्ही विचाराल, ताणलेल्या टेपने शिवलेले कपडे बिघडले कसे नाहीत? यातच गोम आहे. मास्तर गिऱ्हाइकाचे अंग माझ्याने मोजत आणि कापडही माझ्यानेच मोजत. दोन्हीकडे मी सारखीच चुकत असे, म्हणून सदरा अंगात चपखल बसे. माझा आकडा दुकानाबाहेर गेला नाही, तोवर माझे खोटे कुणाला दिसणार नव्हते. मीटरपट्टीला दिसले होते, पण तिला कोण विचारतो.

यंदाच्या खेळाडू-निवडीत आमच्या क्लबने पहिल्याच फेरीत एक परदेशी पोरगा उचलला. वय एकोणीस, कागदावर उंची सात फूट दोन इंच. महिनाभर खेळवून बघायचे, मग ठेवायचा की परत पाठवायचा ते ठरवायचे, असा करार होता. त्या दिवसापासून आमच्या दुकानातल्या बाकावर रोज जमणाऱ्या मंडळींना दुसरा विषय नाही. बसचा कंडक्टर म्हणे, पोराचे हात लांब आहेत, बास्केटखाली नुसता उभा राहिला तरी समोरचा बिचकेल, पण अंगात मांस नाही, त्याला दोन वर्षे द्यावी लागतील. काकू सुईत दोरा ओवता ओवता म्हणत, आधी त्याला दोन वेळचे नीट मिळते का ते बघा. कुणी म्हणे, तिकडच्या लीगमध्ये त्याच्यासमोर पोरेसोरे होती, इथे धिप्पाड माणसे कोपर मारतील तेव्हा कळेल.

अंदाजपंचे मात्र त्याच्यावर फिदा होता. सबंध गल्लीला त्याने बजावून ठेवले होते की या पोराचा फोटो जगाने सर्वांत आधी त्याच्या मोबाइलवर पाहिला आहे.

“लिहून घ्या, सात फूट दोन,” तो बाकावर थाप मारून म्हणाला. “एक सूत कमी निघाला तर मिशी काढीन.”

“मिशी कशाला, तोंड बंद ठेवा महिनाभर,” कंडक्टर म्हणाला. “क्लबचे कागद म्हणजे लग्नाळू मुलाची जाहिरात. दोन इंच वाढवलेलेच असतात.”

असे चालले असताना एका दुपारी तो पोरगाच दुकानात आला. दारातून वाकून आला आणि आत आल्यावरही वाकलेलाच राहिला, कारण आमचा पंखा. त्याच्या मापाची पँट बाजारात मिळत नव्हती. आपली भाषा त्याला दहा शब्दांपुरती येत होती आणि त्यातले चार ‘माफ करा’ होते. मास्तरांनी त्याची छाती मोजली, तेव्हा मी त्याच्या भोवती होते. एवढा उंच देह, आणि आतले काळीज चिमणीसारखे फडफडत होते. हे मला कळले होते. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते, म्हणजे नंतर मला माफ करताना घाई करू नका.

बाकावरचे सगळे उठले. उंची मोजा, म्हणाले. पोरगा लाजला, पण भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मास्तर स्टुलावर चढले, डोक्याशी खडूची रेघ मारली आणि खाली उतरून मीटरपट्टीकडे हात नेला. तेवढ्यात मी त्यांच्या गळ्यातून घसरले आणि थेट त्यांच्या तळव्यात पडले. सवयीचा हात. त्यांनी मलाच लावले.

सहा फूट पावणेबारा इंच.

दुकानात असे हसू फुटले, की शिलाई मशीनवरची रिळे हलली. सव्वादोन इंच गेले कुठे, कंडक्टरने बाकाखाली वाकून शोधल्यासारखे केले. अंदाजपंचेचा चेहरा उसवलेल्या खिशासारखा लोंबत होता. मी मास्तरांच्या हातात गार, गुळगुळीत, निरागस पडून होते. सहा वर्षे, सहा मैल, एक खोका. सगळे वसूल झाले, असे मला वाटले.

आठ दिवस मी सुखात होते. गल्लीत तो दिसला की पोरे ‘सव्वादोन’ म्हणून हाक मारत. त्याने मिशी काढली नाही, पण सुपारी आणायला तो आडवाटेने जाऊ लागला. खोटे कशाला सांगू, मला त्याची दया एकदाही आली नाही.

पण मानहानी झालेला माणूस ती स्वतःजवळ ठेवत नाही. ती कुणाच्या तरी गळ्यात घालतो. अंदाजपंचे नवव्या दिवशी दुकानात आला, पाच मीटर पांढरे कापड मागितले आणि त्यावर काळ्या अक्षरांत शिवून घेतले: सव्वादोन इंच परत करा. मास्तर म्हणाले, कशाला पोराच्या वाटेला जाता. तो म्हणाला, पोराने फसवले, क्लबने फसवले, मी का गप्प बसू? ते कापडही माझ्यानेच मोजले गेले. म्हणजे त्यातही त्याला थोडे जास्तच मिळाले.

सामन्यात ते कापड बास्केटच्या मागे झळकले. पोरगा एकट्याने फ्री थ्रो टाकायला उभा राहिला की पाचशे माणसे मोठ्याने म्हणायची, सव्वा दोन, सव्वा दोन. त्याला अर्थ कळत नव्हता. तिसऱ्या सामन्यात कुणीतरी समजावला. तेव्हापासून तो खांदे पाडून, गुडघे वाकवून चालू लागला. ज्याला उंच असण्यासाठीच आणले होते, तो लहान दिसायची धडपड करू लागला. रिबाउंडसाठी, म्हणजे बास्केटवरून उसळलेला चेंडू पकडायला, उडी मारताना इकडे तिकडे बघू लागला. कंडक्टर बाकावर तळमळायचा, चेंडू काय इंचांनी अडतो का, हातांनी अडतो, असे सगळ्यांना सांगायचा. पण त्या दिवशीचा पहिला विनोद त्याचाच होता, म्हणून त्याचे कुणी मनावर घेतले नाही.

पँटची तिसरी जोडी शिवायला पोरगा आला, तेव्हा मास्तरांनी पुन्हा कंबर मोजली. पहिल्यांदा छत्तीस होती. आता साडेचौतीस. मित्रांनो, माझा आकडा खोटा असेल, पण दोन्ही वेळा मीच होते. माणूस दीड इंचाने आटला होता, आणि ते खरे होते. त्याच वेळी त्याच्या आईचा फोन आला. तो पडद्याकडे बघून हसला, नवी पँट दाखवली, खांदे ताठ केले. फोन ठेवला आणि पुन्हा वाकला. काकूंनी सुई खाली ठेवली. म्हणाल्या, हा जेवत नाही हो. मास्तर ‘हं’ म्हणाले.

मग क्लबच्या मॅनेजरने एक चूक केली. पोरगा जमिनीवर झोपतो हे कळल्यावर त्याने सुताराला पलंग करायला सांगितला आणि उंचीचा आकडा दिला तो आमच्या दुकानाचा. माझा आकडा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या कारखान्यात गेला. चार दिवसांनी सुतार तणतणत आला.

“मास्तर, तुमच्या आकड्यावर दोन इंच मोकळे सोडले मी. तरी पोराचं डोकं एका फळीला आणि टाचा दुसऱ्या फळीला. माझ्या लोखंडी टेपनं निजवून मोजला. सात फूट दोन आहे तो.”

बाकावर अंदाजपंचे होता, कंडक्टर होता. कुणी हसले नाही. काकू उठल्या, कपाटामागून मीटरपट्टी काढली आणि मला तिच्या शेजारी काउंटरवर निजवले. तिचे शंभर संपले, तिथे माझे सत्त्याण्णव नुकतेच सरले होते. मीटरपट्टी काही बोलली नाही. तिने बोलायला हवे होते, मला बरे वाटले असते.

काकूंनी माझ्या मधल्या भागावर बोट फिरवले. तिथे गाठीची सुरकुती अजून आहे. मग त्या अंदाजपंचेकडे वळल्या.

“भाऊजी, टीव्हीचा खोका कशानं बांधला होता हो तुम्ही?”

तो सुरकुतीकडे बघत राहिला. नंतर चपला घालून निघून गेला. जाताना चहा अर्धा ठेवला.

माझा सूड पुरा झाला. इतका पुरा, की मी स्वतःही त्याला आणखी काही जोडू शकले नसते. ज्याने मला ताणले, त्याच्याच ताणाने त्याची फजिती झाली आणि ती चारचौघांत त्याला कळली. मला हवे होते ते हेच. मास्तरांनी मला आत खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगले आणि नवी टेप आणली. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. पोराला कुणी सांगितलेच नाही. मास्तरांना वाटले, सुतार सांगेल. सुताराला वाटले, मॅनेजर सांगेल. मॅनेजर म्हणे, गल्लीतली भांडणे गल्लीत मिटवा. कंडक्टर दोनदा पोराच्या जिन्यापर्यंत गेला आणि काय तोंडाने बोलू म्हणत परत आला. दहा शब्द येणाऱ्या पोराशी बोलायला सगळ्यांनाच शब्द सापडेनात.

वस्तू जपून वापरा, असे सांगून मी थांबणार होते. ते तुम्हाला पुस्तकातून कळेलच. माझ्या खिळ्यावरून खिडकीतून मागची इमारत दिसते, क्लबने पोराला तिथेच ठेवले आहे. तिसरा मजला, जिन्यापासून डावीकडचे दार. त्याची मोठी पँट दोरीवर परवा सकाळपासून आहे, वाळून ताठ झाली आहे, आणि ती कुणी आत घेतलेली नाही. दोन दिवस तो सरावाला गेला नाही. उद्या सकाळी नऊला शेवटचा सराव आहे, नाही आला तर नाव काढणार आहेत. मला इथून उतरता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. आत्ताच जा, दार वाजवा, तो बरा आहे ना ते डोळ्यांनी बघा. आणि लगेच उघडले नाही म्हणून परत फिरू नका. एवढ्या उंच माणसाला उठून दारापर्यंत यायला जरा वेळ लागतो.