माटवीवरचं पोळं

पिवळा ठिपका... गांधीलमाशीच्या पाठीवर, मोहरीएवढा, आणि तो पोळ्याच्या कडेकडेने नुसता फिरतो आहे — पण माशीचं जाऊ दे, दीपिकाने ते असं सांगावं? सकाळी, आडाळ्यावर नारळ खवता खवता, मान वर न करता? ‘आई, ह्या चवथीक आमी तारकर्लीक आमचो गणपती हाडतलंव.’ घराचा गणपती एकच, सासऱ्याच्या आजोबांपासून, आणि ही धाकटी सून, तिथे पाहुण्यांना भाड्याने द्यायला चार खोल्या काय बांधल्या, वेगळा गणपती आणणार! नारळ मात्र नेहमीसारखाच, एक तांबूस कीस पडू न देता खवलेला. रागावलेल्या माणसाचा हात असा चालतो? मग रागावलेली नाही तर जाते कशाला?

सावित्री माळ्याखाली सुक्या झावळीची चूड घेऊन उभी होती, पेटवायच्या बेतात. चवथ तोंडावर आलेली. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ही लाकडी चौकट, माटवी, आता धुवायची, तिला कवंडळाची रानफळं बांधायची, आणि नेमकं तिथेच ह्या माश्यांनी घर केलेलं.

‘जाळू नको गो आजये.’ नात, संचिता. पुण्याला माश्यांवर शिकते — माश्यांवर! — आणि स्टुलावर चढून काडीने त्यांच्या पाठी रंगवते. सगळ्या बायकाच म्हणे. अंडी एकटी राणी घालणार, बाकीच्या तिची पिल्लं भरवणार.

‘राणी खंयची?’

‘ती कोपऱ्यातली. गप्प बसलेली.’

‘ती? ती तर कोणाक कायच सांगणा नाय!’

‘तिका सांगूचा लागणा नाय.’

घ्या. मी उभा जन्म ओरडून घर चालवलं, आणि ही कोपऱ्यात बसून...

‘मगे बाकीच्यो कित्याक राबतत?’

‘रगात एकच मा. भयणीची पोरां वाढली काय आपलाच थोडा पुढे जाता. लाखो वर्सांत मुरलेली सवय ती.’

ठिपकेवाली आता एका घरात डोकं खुपसून पिल्लाला काहीतरी चावून चावून भरवत होती, आणि सावित्रीला पेडवे दिसले... ताटलीतले, काटे काढलेले, भातात कुस्करलेले. थोरला मुलगा आणि थोरली सून मुंबईला नोकरीवर, त्यांची संचिता इथे, अजून बोबडी, आणि दीपिका तिच्यापुढे मांडी घालून घास फुंकते आहे — स्वतःची कूस रिकामी. ते मी तिला ऐकवायची, भाताबरोबर लोणचं वाढावं तसं रोज. आणि ती काटे काढायची. पण तिचं रक्त कुठलं? ती विजयदुर्गची.

‘आणि रगात नसताना कोणी भरवला तर?’

संचिताची काडी हवेत थांबली. ‘मगे... हिशोब बसणा नाय, आजये.’

एवढं शिकून हिला बसत नाही, मग माझ्या डोक्यात कुठून बसणार? आणि पोरीचे डोळे का भरले?

‘ही पिवळी आता जातली बघ,’ थोड्या वेळाने संचिता वरूनच म्हणाली. ‘भरवता, पण रवणा नाय. खंय तरी आपला नवा पोळां करतली.’

‘आणि ह्या पोळ्याचा?’

‘कधी काय होणा नाय. कधी मोडता.’

भरवते आणि जाते. एकच माशी. म्हणजे भरवणं खोटं नव्हतं... की जाणं खोटं... की दोन्ही खरी, आणि मीच कुणाला तरी चुकीचा ठिपका लावून बसले इतकी वर्षं? चूड हातात जड झाली. नुसती सुकी झावळी, एवढी जड कशी होते?

‘आई, काड्यापेटी मागललास मा?’ दारात दीपिका. बोटांना अजून खोबरं.

सावित्रीने हात पुढे केला नाही. घशात ‘रव’ होतं आणि ‘जा’ होतं, दोन्ही एकदमच वर आलेले, आणि त्यातलं माझं कुठलं ते मला कळेना. दीपिका काड्यापेटी पुढे धरून तशीच उभी. सावित्रीने पदर खोचला, आवाज चढवला, निदान तो तरी ओळखीचा:

‘हंयची माटवी बांदूक तुकाच येवचा लागतला, सांगून ठेवतंय. आणि तुझो गणपती... आमच्यापेक्षा बोटभर बारको हाड!’