नीराबाईची सीडी

लग्नात गाणाऱ्या धवलारणीचं काम वरून दिसतं तेवढं गाण्याचं नसतं. हळद वाटायच्या आधी तिनं गाऊन देवांना आवतण द्यायचं. आधी नवरीकडचे देव, मग नवऱ्याकडचे, एकेकाचं नाव घेऊन, ठरलेल्या क्रमानं. एखादा देव राहिला तर देव काय करेल ते कोणी सांगू शकत नाही. व्याही काय करतील ते मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

कमळची आई नीराबाई रेवसच्या बाजूची नावाजलेली धवलारीण. तिच्या अंगावरून वारं गेलं आणि वाचा बसली. पुढं गावातल्या अंबाजीच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा कमळ आपण होऊन बोलून बसली, की आईच्या पाटावर मी बसते. बोलताना बरं वाटलं. पण नवरीकडचे देव तिला येत होते. नवऱ्याकडचे, म्हणजे मांडवा गावाकडचे, येत नव्हते. ते एका सीडीत होते. नीराबाईनं मोबाइलवर कधी कुणाला आवाज भरू दिला नाही. आपली विद्या लोकांच्या खिशात कशाला घालायची, हा तिचा साधा व्यवहार. दयाराम व्हिडिओवाल्यानं एकदाच गोड बोलून तिला गायला लावलं होतं, त्याची ही एकुलती एक सीडी.

नाही म्हणायला सगुणा होती. नीराबाईच्या मागं बसून सूर धरण्यात तिची उमर गेली होती आणि तिला सगळं पाठ होतं. नीराबाई आजारी पडल्यावर ती भेटायला आली, तेव्हा कमळनं तिला ओट्यावरच पाणी विचारून वाटेला लावलं होतं. न जाणो, बसली की जागा मागेल. त्यामुळं सगुणाचं नाव कमळ मनातसुद्धा घेत नव्हती.

हळद उद्या सकाळी. म्हणून आज दुपारी कमळ शेजारच्या अल्पेशच्या खोलीत स्टुलावर बसली होती. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. अल्पेशनं कॉलेजातला जुना कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला होता. त्याचा ड्राइव्ह खाऱ्या हवेनं गंजून गेला होता, म्हणून अलिबागहून नवा आणून सकाळीच बसवला होता. नव्याची लाइट लागत होती, बटण दाबलं की ट्रे शहाण्यासारखा बाहेर येत होता. कॉम्प्युटर मात्र त्याला ओळखच देत नव्हता.

"लाइट लागतंय म्हंजे जिता हाय ना?" कमळनं विचारलं.

"जिता हाय काकी. पन रेशनकार्डावर नाव नाय चढला."

त्यानं वायर काढून फुंकून परत लावली. नाही. दुसरी वायर लावली. तीही नाही. मग कॉम्प्युटर बंद करून चालू करताना एक बटण दाबून धरलं आणि निळ्या पडद्यावरच्या याद्यांत शिरला. मध्येच अंबाजीचा फोन आला. व्याही विचारतायत, धवलारीण कोण? नीराबाईची मुलगी म्हटल्यावर खूश झालेत, असं तो सांगत होता. कमळनं बरं म्हटलं.

तेवढ्यात अल्पेशला सापडलं. नवा ड्राइव्ह ज्या खाचेला जोडला होता, ती खाचच आतून कधीतरी कुणी बंद करून ठेवली होती. त्यानं ती चालू केली, आणि पडद्यावर ड्राइव्हचं नाव उमटलं.

सीडी आत गेली. आधी घूं असा आवाज झाला, मग खर्रर्र. अल्पेशनं ती बाहेर काढली, बनियनला पुसली, परत घातली. या वेळी खरखर जास्त वेळ चालली. जुनी झालीय, धूळ असेल, असं तो स्वतःशी पुटपुटला आणि पुन्हा पुसायला लागला.

कमळ ऐकत होती. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. सुपात तांदूळ घोळवले की असाच येतो. आणि सकाळी आपण काय करून बसलो ते तिला आठवलं.

सकाळी अल्पेश चहाला आत गेला होता. ट्रे बाहेर आलेला होता. नवी वस्तू, त्यातून आईचा आवाज यायचा. कमळनं पदराच्या गाठीतली हळदकुंकवाची पुडी सोडली, ड्राइव्हला बोट लावलं, आणि उघड्या तोंडाला रिकामं कसं ठेवायचं म्हणून ट्रेच्या मागं आत चार अक्षताही टाकल्या. आतून चाहूल लागली तशी बटण दाबून मोकळी झाली.

आता सांगावं, तर हा पोरगा संध्याकाळपर्यंत गावभर करेल. न सांगावं, तर... अल्पेशचं बोट बटणाकडं गेलं.

"थांब," कमळ म्हणाली. "आत तांदूळ हायेत."

अल्पेशनं तिच्याकडं पाहिलं. पुढचं तिनं खाली बघून सांगितलं.

तो हसला नाही, आणि त्यानंच कमळ जास्त घाबरली. त्यानं ड्राइव्ह सोडवून तिरका केला, हलक्या हातानं आपटला. कुंकवानं लाल झालेले दाणे एकेक करून टेबलावर पडले. मग त्यानं सीडी खिडकीच्या उजेडात धरली. पाठीवर गोल चरा उठला होता, बांगडीसारखा.

"लाव," कमळ म्हणाली.

नीराबाईचा आवाज खोलीत आला. नवरीकडचे देव एकामागून एक नीट आले. मग नवऱ्याकडचा पहिला आला, दुसरा आला, आणि तिसऱ्याच्या अर्ध्या नावावर आवाज अडकला. तेच अर्धं नाव गरगर फिरत राहिलं, मग उडी मारून थेट आशीर्वादावर गेला. अल्पेशनं सीडी पुसली, सावकाश चालवली, कॉपी करून पाहिली. प्रत्येक वेळी तिथंच. मध्ये किती देव गेले, तेही कळायला मार्ग नव्हता.

घरी आई होती. तिला विचारून झालं होतं. ती फक्त ओठ हलवायची आणि रडायची.

कमळनं ते लाल दाणे मुठीत गोळा केले. मग म्हणाली, "सगुणाचा नंबर हाय तुज्याकरं?"

फोन उचलल्यावर तिनं काही झाकलं नाही. सीडी, अक्षता, अडकलेलं अर्धं नाव, सगळं सांगितलं.

"ओट्यावर पानी विचारलंस त्या दिवशी," सगुणा म्हणाली.

"व्हय."

"मी येतंय. पन मागं नाय बसायची आता."

कमळनं डोळे मिटले. आईचा पाट, व्याह्यांची खुशी, उद्या बायका काय बोलतील, सगळं एकदा मनात फिरवून घेतलं.

"बाजूला बस. आमच्याकरचे देव मी बोलते, त्यांच्याकरचे तू."

मग तिनं अंबाजीला फोन लावला. धवलारणी दोन आहेत, म्हणाली. त्यामुळं मानाच्या साड्याही दोन लागतील. आणि दोन्ही सारख्याच घ्यायच्या, काठात फरक नको.